शिलालेखांची स्थाननोंद : अक्षांश, रेखांश व उपग्रह

बीड जिल्ह्यांतील शिलालेख व वीरगळ यांच्या टिपणांत ‘गांवाबाहेर, चिंचेखालीं’ एवढेंच स्थळ बहुधा आढळतें. चिंच तुटते, एकाच नांवाचीं गांवें अनेक असतात, माजलगांव धरणामुळें तर कांहीं गांवेंच हललीं. अशा वेळीं ठसा हातीं राहतो, पण शिळेचें मूळ स्थान कायमचें हरवतें. यास्तव स्वयंसेवकांनीं अक्षांश-रेखांश अवश्य टिपावे, असें आम्हांस वाटतें.

हा विषय आपणांस नवा नव्हे. सिद्धान्तग्रंथांची मध्यरेखा उज्जयिनीवरून जाते. आज गणना ग्रीनिचपासून करितात. त्या गणनेनें उज्जयिनी व बीड या दोहोंचा रेखांश सुमारें ७५ अंश ४६ कला पूर्व येतो. बीडचा अक्षांश सुमारें १८ अंश ५९ कला उत्तर आहे.

उपग्रह आपली वेळ व स्थान संदेशानें कळवितो. संदेश पोंचण्यास लागलेल्या काळावरून त्याचें अंतर निघतें. तीन अंतरांवरून स्थान ठरतें. आपल्या यंत्राच्या घड्याळांतील चूक काढण्यास चौथा उपग्रह लागतो. भिंतीलगत वा दाट झाडींत संदेश बिघडतात. म्हणून मोकळ्या जागीं वाचन घेऊन तेथून शिळा कोणत्या दिशेस, किती अंतरावर, तें लिहावें.

अक्षांशाची एक विकला म्हणजे सुमारें ३१ मीटर. सबब विकलेपर्यंत नोंद हवीच. १८ अंश ५९ कला यांस १८.५९ अंश मात्र लिहूं नये; तेवढ्यानें शिळा ४० किलोमीटरांहून अधिक दक्षिणेस सरकते. जुने नकाशे एव्हरेस्टच्या मापावर व उपग्रहयंत्रें डब्ल्यूजीएस ८४ वर चालतात. तेव्हां अंकांसोबत आधारही नोंदवावा.