बाकावरून उठा, आत या!

उन्हाळी सुट्टी लागली की सार्वजनिक ग्रंथालयांच्या सूचनाफलकांवर कथाकथन, बालवाचन, हस्ताक्षर किंवा चित्रकला शिबिरांची पत्रके झळकू लागतात. आपण नातवंडांची नावे नोंदवतो, त्यांना पोहोचवतो आणि कार्यक्रम संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहतो. या वर्षी आपणही आत जावे, हेच सांगण्यासाठी हा लेख.

उन्हाळा ज्येष्ठांना घरात कोंडून ठेवतो. फिरणे थांबते, समवयस्क मंडळी परगावी जातात, दिवसा डुलकी लागते आणि रात्रीची झोप उडते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणारे, परंतु आटोक्यात आणता येण्याजोगे १४ घटक सांगितले. कमी ऐकू येणे, दृष्टिदोषावर उपचार न होणे आणि सामाजिक एकटेपणा हे त्यांतलेच तीन. ग्रंथालयात गेल्याने आजार हमखास टळतो असे नव्हे. मात्र एकटेपणाची कोंडी तेथे सहज फुटते.

आजीआजोबांचे काम

रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. पिढ्यांना एकत्र बसविणाऱ्या अशा संस्था आपल्याकडे जुन्या आहेत. तेथील बालवाचनात आपल्याला मानाचे स्थान आहे. गोष्टीत रांजण, उखळ, घडवंची असे शब्द आले की मुले अडखळतात; त्यांचा अर्थ आपल्याइतका जिवंत कोण सांगणार? मोठ्याने वाचताना डोळे, श्वास, वाणी आणि स्मरण यांना एकत्र काम मिळते. ग्रंथपालांना भेटून ‘एक गोष्ट मी वाचून दाखवीन’ एवढेच सांगावे.

निघण्यापूर्वी

शक्यतो सकाळचा किंवा सायंकाळी पाचनंतरचा कार्यक्रम निवडावा. वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लघवी वाढविणारी व रक्तदाबाची औषधे मनाने बंद करू नयेत किंवा त्यांची मात्राही बदलू नये. मधुमेह असल्यास जेवणाची वेळ चुकवू नये.

बाहेर स्वच्छतागृह मिळेल की नाही, या धास्तीने अनेक जण, विशेषतः आजी, पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात हे धोक्याचे आहे. म्हणून स्वच्छतागृह, जिन्याची संख्या, उद्वाहक आणि हाताच्या खुर्च्या यांची चौकशी आधीच करावी. वाचनाचा चष्मा व श्रवणयंत्र बरोबर घ्यावे आणि वाचकाच्या समोर, पंख्याच्या गोंगाटापासून दूर बसावे.

काळजीवाहकांसाठी

स्मृतिभ्रंश असलेल्या आप्तांना गर्दी नसताना न्यावे. अर्धा तास पुरेसा आहे. दाराजवळची जागा घ्यावी, जुनी सचित्र मासिके समोर ठेवावीत आणि ‘हे कोण, ओळखा पाहू’ अशी परीक्षा घेऊ नये. ते अस्वस्थ झाले, तर निमूटपणे घरी परतावे. ती फेरी वाया गेली असे मानू नये. घरातील दुसरी व्यक्ती त्यांच्याजवळ बसणार असेल, तर आपण तेवढा वेळ मुक्तद्वार वाचनालयात शांत बसावे. ही विश्रांती आपल्यालाही हवीच असते.

उन्हातून आल्यावर कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग फार तापले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात असू शकतो. तत्काळ १०८ ला दूरध्वनी करावा. रुग्णाला सावलीत घेऊन अंग ओल्या कापडाने पुसावे व वारा घालावा. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये.

एवढी दक्षता घेतली, तर उन्हामुळे घरातच बसून राहण्याची गरज उरत नाही. आपल्या गावच्या ग्रंथालयातील पुढच्या कार्यक्रमाची तारीख आजच विचारून ठेवावी आणि नोंदवहीत नातवाच्या नावाखाली आपलेही नाव लिहावे.