बाटली क्रमांक ५३-एन

हाफकिन म्हटलं की मराठी वाचकाला आठवते ती परळची संस्था: सर्पदंशावरचं प्रतिविष, पोलिओचे थेंब, ब्रिटिश गव्हर्नराचा जुना प्रासाद. वाल्डेमार हाफकिन या माणसाबद्दलही पाठ्यपुस्तकापुरतं ठाऊक असतं. ओडेसात जन्मलेला ज्यू, पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत तयार झालेला, १८९६ च्या प्लेगात मुंबईला आला आणि लस शोधली. मांडवीतला पहिला प्लेगरोगी ओळखणारे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस, पुण्यातला रँड, चाफेकर बंधू हेही सारं परिचित आहे, त्यामुळे ते पुन्हा सांगत बसत नाही. मला खिळवून ठेवलं आहे ते सहा वर्षांनंतरच्या एका बाटलीने. पंजाबातल्या मलकोवाल गावी ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. त्यांतल्या १९ जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती आणि बाटलीचा क्रमांक होता ५३-एन. आठवडाभराने त्यांचे जबडे आखडू लागले. सगळे १९ जण धनुर्वाताने गेले. उरलेल्या ८८ जणांना काहीही झालं नाही.

या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण दोन बाजूंपैकी एक धरतात. हाफकिन दोषी की निर्दोष? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. तो चुकीचा विचारला गेला म्हणूनच आपल्याकडची औषधसुरक्षा कित्येक वर्षं मागे राहिली, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी आधी त्या बाटलीत काय होतं ते पाहावं लागेल.

१८९६ च्या ऑक्टोबरात हाफकिनने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात काम सुरू केलं तेव्हा त्याच्याकडे एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढाच पसारा होता. जंतू वाढवायला मांसाचा रस्सा हवा. गाय किंवा डुक्कर वापरलं असतं तर लस कुणी टोचून घेतली नसती, म्हणून बकऱ्याचं मांस आम्लात विरघळवून रस्सा केला जाई. त्यावर तुपाचे थेंब सोडत. प्लेगचा जंतू त्या तरंगत्या तुपाला धरून खाली वाढतो आणि रश्श्यात झुंबरासारखे लोंबते धागे दिसू लागतात. बाटली हलली की झुंबर तुटून तळाला बसतं आणि वर नवं धरू लागतं. हे नुसतं देखणं दृश्य नव्हतं. धागे नीट लोंबले तर बाटलीत प्लेगचाच जंतू आहे, दुसरा कुणी शिरलेला नाही, अशी ती खूण होती. मग सुमारे तासभर उष्णता देऊन जंतू मारायचे आणि शेवटी थोडं कार्बॉलिक आम्ल घालायचं. ही लस हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात पहिली मोठी चाचणी झाली.

लस उपयोगी होती का? होती. सगळ्यात बोलका पुरावा बडोद्याजवळच्या उंधेरा गावचा आहे. १८९८ मध्ये तिथे प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचली आणि निम्म्यांना तसंच ठेवलं. पुढे २८ घरांत प्लेग शिरला. त्या घरांतल्या लस घेतलेल्या ७१ पैकी ३ माणसं गेली, न घेतलेल्या ६४ पैकी २६. घर एकच, चूल एकच, उंदीरही तेच, म्हणून हे आकडे शहरातल्या आकड्यांपेक्षा जास्त भरवशाचे. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने लशीची शिफारस केली. पण प्रत्येक घाणा सारख्या ताकदीचा निघत नाही, मात्रेला पक्कं माप नाही, असे आक्षेपही घेतले. ते खरे होते. हाफकिनचं बळ आकडेवारीत होतं, प्रमाणीकरणात तो कच्चा होता. त्याच्या चाहत्यांना हे लिहायला जड जातं.

१९०२ मध्ये पंजाब सरकारने लाखोंच्या संख्येने लोकांना टोचायचा बेत आखला. एव्हाना परळला गेलेल्या हाफकिनच्या प्रयोगशाळेकडे एकाएकी एवढी मागणी आली की आठवडे घेणारी रश्श्याची पद्धत पुरी पडेना. हाफकिनने जंतू अगरच्या थरावर वाढवून पाण्याने धुऊन घ्यायची झटपट पद्धत सुरू केली आणि कार्बॉलिक वगळलं. उष्णतेने जंतू मेले की पुरे, पॅरिसलाही असंच करतात, हा त्याचा हिशेब होता. ५३-एन ही या नव्या पद्धतीची बाटली. ती परळला भरली गेल्यावर ४१ दिवसांनी मलकोवालला उघडली.

उघडली कुणी? एका कंपाउंडरने. या माणसाबद्दल जे कळतं ते चौकशीच्या कागदांतल्या थोड्या ओळींपुरतंच. बूच काढायचा चिमटा त्याच्या हातून जमिनीवर पडला. त्याने तो उचलला, कार्बॉलिकच्या लोशनमध्ये बुचकळला आणि त्यानेच बाटलीचं बूच काढलं. धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू मातीत आणि घोड्याच्या लिदीत असतात. कार्बॉलिकमध्ये क्षणभर बुचकळून ते मरत नाहीत. बीजाणूंपुढे कार्बॉलिक किती दुबळं आहे हे रॉबर्ट कॉखने १८८१ मध्येच दाखवलं होतं. चिमटा ज्योतीवर धरला असता तर प्रश्न मिटला असता.

चौकशीला तीन माणसांचा आयोग नेमला गेला: मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजचे प्राचार्य बॉमफर्ड आणि कसौलीच्या पाश्चर संस्थेचे सेंपल. निष्कर्ष असा निघाला की धनुर्वाताचे जंतू बाटली उघडण्याआधीच आत होते. म्हणजे दोष परळचा. कार्बॉलिक वगळणं हा मोठा निष्काळजीपणा ठरला. हाफकिनला आधी बिनपगारी रजा मिळाली, मग संचालकपद गेलं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटकडे मत मागितलं तेव्हा तिथल्या तज्ज्ञांनी जास्त सावध उत्तर दिलं. टोचते वेळी जंतू बाटलीतल्या द्रवात असावेत, मात्र ते केव्हा आणि कसे शिरले हे ठरवणं अशक्य आहे, असा त्याचा आशय होता. हे वाक्य हाती असूनही सरकारने निकाल बदलला नाही.

१९०६ च्या अखेरीस कागद प्रसिद्ध झाले आणि रोनाल्ड रॉसने लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये लेखणी उपसली. मलेरियाच्या शोधाचं नोबेल त्याच्या पदरी होतं आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसबद्दलचा जुना राग पोटात होता. तेव्हा तो निव्वळ न्यायासाठी उतरला असं मानायचं कारण नाही. त्याचे मुद्दे मात्र पक्के होते. धनुर्वाताचा जंतू बंद बाटलीत ४१ दिवस वाढला असता तर द्रवाला घाण वास सुटला असता; बाटली उघडताना लस टोचणाऱ्या डॉक्टरांना कसलाही वास आला नव्हता, असं साक्षीतच आलं होतं. शिवाय बाटलीत आधीपासून विष साठलेलं असतं तर माणसं लवकर आजारी पडली असती. आठवडाभराचा अवकाश बीजाणू शरीरात शिरून तिथे वाढण्याशी जुळतो. २९ जुलै १९०७ रोजी रॉससह दहा जणांच्या सहीचं पत्र छापून आलं आणि वर्षअखेरीस हाफकिनला परत घेतलं गेलं. परत घेतलं म्हणजे कसं, तर परळला नाही, कलकत्त्याला, आणि लशींच्या चाचण्या करायची मुभा न देता. काही वर्षं तिथे काढून तो निवृत्त झाला.

फ्रान्समध्ये खोट्या आरोपाखाली शिक्षा झालेल्या ज्यू लष्करी अधिकाऱ्याच्या नावावरून या प्रकरणाला ‘छोटं ड्रायफस प्रकरण’ म्हणायची रीत आहे. हाफकिन ज्यू होता, परका होता, वैद्यकाची पदवी नसलेला प्राणिशास्त्रज्ञ होता आणि गोऱ्या लष्करी डॉक्टरांच्या सेवेत तो उपराच राहिला. पूर्वग्रह नव्हता असं कोण म्हणेल? तरीही हे नाव मला खटकतं. आयोगाने एक माणूस शोधला आणि त्याला दोषी केलं. नंतरच्यांनी तोच माणूस घेऊन त्याला हुतात्मा केलं. दोन्ही वेळा नजर माणसावरच राहिली. बाटलीचा परळपासून मलकोवालपर्यंतचा प्रवास कुणी पाहिला नाही.

इथे आयोगाच्या बाजूने एक भक्कम आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. चिमटा पडला हे मान्य केलं तरी कार्बॉलिक असतं तर कदाचित अनर्थ टळला असता. कार्बॉलिक बीजाणू मारत नसलं तरी जंतू वाढू देत नाही. खेड्यात हातून चुका होणारच हे धरून पद्धतीत थोडी ढील ठेवावी लागते आणि हाफकिनने नेमकी तीच काढून घेतली. हे मला पटतं. ‘निर्दोष हाफकिन’ ही कथा म्हणूनच अर्धवट आहे. पण मग तोच न्याय वरच्यांनाही लावा. कार्बॉलिक गेलं ते घाईमुळे आणि घाई आली ती पंजाबच्या मोहिमेतून. लाखो मात्रांचा बेत आखणाऱ्यांनी त्या टोचणाऱ्या हातांना ज्योत वापरायची सवय लागली आहे का, एका बाटलीतून किती जणांना टोचायचं, पद्धत बदलली तर ती तपासणार कोण, हे ठरवायला हवं होतं. एक बाटली म्हणजे एकोणीस माणसं, ही रचनाच धोक्याची होती. आयोगाने प्रयोगशाळेकडे बोट दाखवलं याचं एक साधं कारण मला दिसतं: हाफकिनने काय बदललं हे लिहिलेलं होतं. ज्याची नोंद असते त्याला धरता येतं. गावातल्या त्या दिवसाची नोंद कुणी ठेवली नव्हती.

‘तेव्हा एवढा विचार कुठे होता, आजचे निकष शतकापूर्वीच्या लोकांना लावू नका,’ असं कुणी म्हणेल. याचं उत्तर त्याच काळाने दिलं आहे. १९०१ मध्ये अमेरिकेत सेंट लुइस शहरात घटसर्पाच्या प्रतिविषातून १३ मुलं धनुर्वाताने दगावली. ज्या घोड्याच्या रक्तापासून ते प्रतिविष काढलं होतं, त्या जिम नावाच्या घोड्यालाच धनुर्वात झाला होता. त्याच सुमाराला न्यू जर्सीतल्या कॅम्डेन गावी देवीच्या लशीनंतर मुलं धनुर्वाताने गेली. १ जुलै १९०२ रोजी अमेरिकेत कायदा झाला: लस किंवा प्रतिविष बनवायला परवाना, कारखान्याची तपासणी, बाटलीवर नाव आणि मुदत. मलकोवालच्या चार महिने आधी. रोग तोच. त्यांनी कायदा केला, हिंदुस्थान सरकारने एक माणूस पदावरून काढला. आपल्याकडे औषधांचा देशव्यापी कायदा यायला १९४० साल उजाडलं, तेही कर्नल रामनाथ चोपडांच्या समितीने १९३०-३१ मध्ये देशभर हिंडून बाजारातल्या औषधांचे वाभाडे काढल्यावर. आधीच्या चार दशकांत लशी, प्रतिविषं, गोळ्या कशा विकल्या गेल्या त्याचा हिशेब लागत नाही. परळहून मात्र जुन्या रश्श्याची, कार्बॉलिक घातलेली प्लेगची लस जात राहिली. १९२५ पर्यंत मुंबईतून सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा गेल्या. त्याच वर्षी प्रयोगशाळेला हाफकिनचं नाव मिळालं.

मुंबईत चौकशीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला तो १९८६ मध्ये, आणि जागा पाहा: जे. जे. रुग्णालय, म्हणजे हाफकिनने प्लेगची पहिली लस घडवलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजचंच आवार. मेंदूची सूज किंवा डोळ्यांतला दाब उतरावा म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये विषारी डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. मूत्रपिंडं निकामी होऊन १४ रुग्ण गेले. चौकशीला पुन्हा मुंबई उच्च न्यायालयाचेच न्यायमूर्ती बसले, बख्तावर लेंटिन. जेंकिन्सना होती तशी सोपी वाट लेंटिननाही मोकळी होती. पुरवठादाराला दोषी धरून अहवाल संपवता आला असता. त्यांनी बाटलीचा माग काढला. हे औषध खरेदीच्या यादीत कसं आलं, ते तपासलं कुणी, अन्न व औषध प्रशासनाच्या हाती आधीचे इशारे असताना ते कुठे अडले, रुग्णालयाच्या कोठारात काय चाललं होतं आणि मंत्रालयातून कोणाचा फोन कोणाला जात होता, असं एकेक दार ते ठोठावत गेले. अहवाल आरोग्यमंत्र्यांपर्यंत पोचला आणि मंत्र्यांना पद सोडावं लागलं. जेंकिन्सच्या अहवालात मलकोवालचा कंपाउंडर थोड्या ओळींचा धनी होता. लेंटिनच्या अहवालात कोठारातल्या माणसांच्या साक्षी पानंच्या पानं आहेत.