पोकळीपासून प्रतिकणापर्यंत

शास्त्रांतील कल्पना एकदां मांडली म्हणजे ती कायमची ठरली, असें नसतें. प्रतिद्रव्याची हकीकत याची उत्तम साक्ष देते.

1928 सालीं केंब्रिज येथील डिरॅक यांनीं इलेक्ट्रॉनचें समीकरण मांडलें. त्यांतून ऋण ऊर्जेचीं उत्तरेंही निघालीं. ऋण ऊर्जेच्या सर्व जागा इलेक्ट्रॉननीं व्यापलेल्या आहेत, व त्यांतील एखादी रिकामी झाल्यास ती पोकळी धनभारित कणाप्रमाणें वागेल, असें त्यांनीं सुचविलें. ही पोकळी म्हणजेच प्रोटॉन, हा त्यांचा पहिला तर्क. परंतु पोकळीचें वस्तुमान इलेक्ट्रॉनइतकेंच असावयास हवें. प्रोटॉन तर सुमारें 1836 पट जड! तेव्हां 1931 मध्यें त्यांनीं नव्याच कणाचें भाकीत केलें, आणि 1932 मध्यें अमेरिकेंत अँडरसन यांना विश्वकिरणांत तो आढळला. तोच पॉझिट्रॉन.

हा इलेक्ट्रॉनचाच जोडीदार, कीं सर्वस्वी निराळा कण? मुंबईंत 1909 सालीं जन्मलेल्या होमी भाभांनीं 1935 मध्यें केंब्रिज येथें या प्रश्नाला प्रयोगाची कसोटी लावून दिली. जोडीदार असल्यास टकरींत दोघेही नाहींसे होऊन नवी जोडी जन्मूं शकेल, व कण विखुरण्याचें प्रमाण बदलेल, असें त्यांनीं गणितानें दाखविलें. पुढें प्रयोगांनीं तेंच खरें ठरविलें.

पोकळीची कल्पना हळूहळू मागें पडली. 1955 मध्यें प्रतिप्रोटॉनही सांपडला. आज पॉझिट्रॉनच्या साहाय्यानें रुग्णालयांत कर्करोगाचा माग काढतात. तरीही विश्वांत द्रव्यच कां उरलें, प्रतिद्रव्य कोठें गेलें, हें कोडें अद्याप सुटलेलें नाहीं. तें तुमच्यासाठीं शिल्लक आहे.