सोलापूरहून सोलापूरला: सर्क्युलर तिकिटाविषयीचे गैरसमज

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० साली सोलापुरास पोहोचला, १८७१ साली रायचुरास जाऊन मद्रासकडून आलेल्या मार्गास मिळाला, आणि पुढे होटगीहून विजापूर-गदगकडे व कुर्डुवाडीहून पंढरपूर-मिरजेकडे फाटे फुटले. या घडामोडींचा एक परिणाम असा झाला की, सोलापुरातून दूरच्या यात्रेस निघालेला मनुष्य ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परतण्यास बांधलेला राहिला नाही. रायचूरच्या वाटेवरील वाडीच्या बाजूने बाहेर पडून कुर्डुवाडीच्या बाजूने घरी येण्याची मुभा त्याला भूगोलानेच दिली आहे. तरीही जिल्ह्यातील बहुसंख्य कुटुंबे काशीला वा मदुराईला निघताना प्रत्येक मुक्कामागणिक सुटे तिकीट काढतात. ज्या तिकिटाने हीच प्रदक्षिणा सोयीची आणि पुष्कळदा स्वस्त होते, ते सर्क्युलर तिकीट, म्हणजे रेल्वेच्या भाषेत चक्राकार प्रवास तिकीट, त्यांच्या गावीही नसते. आणि ज्यांनी त्याचे नाव ऐकले आहे त्यांच्या मनात त्याविषयी इतके गैरसमज दृढ झालेले आढळतात की, विषयाची साद्यंत फोड करणे मला अगत्याचे वाटते.

सर्वांत प्रचलित समज असा की, हे तिकीट आता बंद झाले. त्याचे मूळ शोधू गेल्यास तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली दिसते. परदेशी पाहुणे आणि अनिवासी भारतीय यांच्यासाठी पूर्वी ‘इंडरेल पास’ असे, तो खरोखरच बंद झाला, ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातील सवलत मार्च २०२० मध्ये स्थगित झाली, आणि आय.आर.सी.टी.सी.च्या संकेतस्थळावर सर्क्युलर तिकीट घरबसल्या काढता येत नाही. जे मोबाईलवर दिसत नाही ते अस्तित्वातच नाही, अशी आपल्या काळाची धारणा होऊन बसली आहे. वस्तुस्थिती अशी की, तिकीट नियमात आहे, सर्व वर्गांसाठी आहे, आणि ते मिळवण्यास निवृत्त असावे लागत नाही की यात्रेकरूंचा संघही जमवावा लागत नाही. एकट्या माणसालाही ते मिळते. आय.आर.सी.टी.सी.च्या यात्रागाड्या आणि सहली हा प्रकार सर्वस्वी वेगळा असून, तेथे मुक्काम, भोजन व तारखा दुसरा ठरवतो, येथे त्या आपण ठरवतो.

दुसरा समज अधिक सूक्ष्म आहे, आणि तो युरोपाकडून आला आहे. मुलगा वा मुलगी जर्मनीत किंवा नेदरलंड्समध्ये नोकरीस असणारी घरे आता सोलापुरातही विरळा राहिलेली नाहीत, आणि तिकडे जाऊन आलेले आईवडील रेल्वे पासाची जी कौतुके सांगतात त्यावरून ऐकणाऱ्यास वाटते की, आपले सर्क्युलर तिकीट म्हणजेही तसाच, हवे तेव्हा हव्या त्या गाडीत बसण्याचा परवाना. युरेल पास १९५९ साली सुरू झाला आणि आज तो ३३ देशांत चालतो. तो युरोपात न राहणाऱ्यांसाठी आहे, तेथील रहिवाशांसाठी १९७२पासून इंटररेल नावाचा निराळा पास आहे, आणि म्हणून एकाच डब्यात शेजारी बसलेल्या आईजवळ एक पास तर तेथे स्थायिक झालेल्या मुलाजवळ दुसरा, असे घडते. त्या पासात प्रवासाचे दिवस विकत घ्यावयाचे असतात, उदाहरणार्थ एका महिन्याच्या मुदतीत कोणतेही चार दिवस. मार्ग मोकळा असतो. आपल्याकडे याच्या नेमके उलट आहे: मार्ग स्थानकागणिक आधी लिहून द्यावा लागतो आणि तिकीट त्या मार्गापुरतेच चालते. पास मोकळीक विकतो, सर्क्युलर तिकीट लांब पल्ल्याचा दर देते. हा भेद ध्यानात आला की पुढची बरीचशी कोडी आपोआप सुटतात.

कारण रेल्वेचे भाडे अंतराच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. पल्ला जसा लांबत जातो तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो. सुटी तिकिटे काढणारा प्रत्येक टप्प्यावर नव्याने आरंभीचा चढा दर भरत राहतो. सर्क्युलर तिकिटात संपूर्ण प्रदक्षिणेचे अंतर मोजून त्याचे दोन समान भाग करतात, आणि प्रत्येक भाग हा जणू एक अखंड प्रवास आहे असे धरून दोन एकेरी तिकिटांचे भाडे आकारतात. समजा, फेरी ४,००० किलोमीटरांची आहे आणि वाटेत आठ मुक्काम आहेत. सुट्या हिशेबाने सरासरी साडेचारशे किलोमीटरांची नऊ भाडी होतात, सर्क्युलर हिशेबाने दोन हजारांची दोन. यावरून हेही उघड होते की, लहानशा फेरीत बचत किरकोळ असते, आणि ‘सर्क्युलर म्हणजे हमखास स्वस्त’ हे विधान लांब पल्ल्यापुरतेच खरे आहे. शिवाय आरक्षण शुल्क व सुपरफास्ट अधिभार टप्प्यागणिक वेगळे द्यावे लागतात, आणि कोकण रेल्वेवर भाड्यासाठी अंतर प्रत्यक्षापेक्षा वाढवून धरतात. हिशेब मांडताना या बाबी विसरू नयेत.

आता मार्ग कसा आखावा, याविषयी. जेथून निघाले तेथेच परत आले की झाले सर्क्युलर, असे समजून सोलापूर–वाराणसी–सोलापूर अशी नेहमीच्या मार्गाची जा-ये लिहून अर्ज घेऊन येणारे असतात, आणि तो नामंजूर झाला म्हणजे कारकुनाला दोष देतात. आरंभ व शेवट एकाच स्थानकावर हवा हे खरेच. पण मधला मार्ग वळसा घेणारा, नेहमीच्या जा-येहून भिन्न असावा लागतो. उत्तरेची फेरी पाहा. सोलापूरहून वाडी, सिकंदराबाद, काझीपेट, बल्लारशाह, नागपूर, इटारसी, जबलपूर, प्रयागराज, वाराणसी. तेथून अयोध्या, लखनौ, कानपूर, आग्रा, मथुरा. आणि परतताना कोटा, रतलाम, वडोदरा, सुरत, वसई, कल्याण, पुणे, दौंड, कुर्डुवाडी. एकही रूळ दुसऱ्यांदा न तुडवता ही फेरी पुरी होते.

दक्षिणेची फेरी तर मला याहूनही रमणीय वाटते. वाडी, रायचूर, गुंतकल, रेणिगुंटा करून तिरुपती. तेथून काटपाडी, तिरुवण्णामलै, विल्लुपुरम, तिरुचिरापल्ली, मदुराई, नागरकोईल, तिरुवनंतपुरम, एर्नाकुलम, मंगळूर. मग कोकण रेल्वेने मडगाव, दूधसागराच्या अंगावरून घाट चढून लोंढा, बेळगाव, मिरज. आणि शेवटी पंढरपूर, कुर्डुवाडी, सोलापूर. यातला मिरज ते कुर्डुवाडी हा तुकडा पूर्वी बार्शी लाईट रेल्वेच्या अरुंद रुळांचा होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ साली बार्शीपर्यंत आणलेली ती अडीच फुटी गाडी पुढे एका दिशेने लातूरला आणि दुसऱ्या दिशेने पंढरपूरवरून मिरजेला गेली, आणि त्या काळी या वाटेने येणाऱ्यास मिरजेला आणि कुर्डुवाडीला सामान उतरवून गाडी बदलणे भाग असे. आता तो मार्ग रुंद झाल्यामुळे दक्षिणेतील देवळे पाहून आलेल्या माणसास शेवटचा मुक्काम पांडुरंगाच्या पायाशी करून घरी येता येते. रामेश्वर मात्र टोकाशी आहे. त्या बेटाकडे नेणारा जुना पांबन पूल १९१४चा, नवा ६ एप्रिल २०२५ रोजी खुला झाला, परंतु पूल कोणताही असला तरी बेटावरून ज्या रुळाने गेलो त्याच रुळाने परतावे लागते, म्हणून मदुराईहून त्या फाट्याचे सुटे तिकीट काढावे हे श्रेयस्कर. कन्याकुमारीचेही तसेच.

मुक्काम जास्तीत जास्त आठ घेता येतात. केवळ गाडी बदलण्यासाठी उतरणे आणि मुक्काम करणे यांत फरक आहे, हे न कळल्यामुळे पुष्कळ जण मिरज वा इटारसीसारखी जोडस्थानके मुक्कामाच्या यादीत घालून आठातील दोन-तीन जागा व्यर्थ दवडतात. दक्षिणेच्या फेरीत तिरुपती, तिरुवण्णामलै, तिरुचिरापल्ली, मदुराई, तिरुवनंतपुरम, एर्नाकुलम, मडगाव व पंढरपूर एवढे बरोबर बसतात. मुदत अंतरावरून ठरते. तिच्या आत फेरी पुरी व्हावयास हवी.

सर्वांत अधिक मनस्ताप ज्या समजामुळे होतो तो म्हणजे, तिकीट हाती आले की बर्थही मिळाला. तसे नाही. ते तिकीट प्रवासाच्या भाड्याची पावती होय. बर्थासाठी आरक्षण खिडकीवर प्रत्येक टप्प्याचा वेगळा फॉर्म भरावा लागतो. आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवसांची झाली असल्यामुळे, आरंभाचे टप्पे खिडकीवर मिळतात त्या दिवशी अखेरचे टप्पे खुले झालेले नसतात, आणि म्हणून खिडकीवर एकाहून अधिक खेपा घालण्याची तयारी ठेवावी. युरोपातही याहून निराळी स्थिती नाही: फ्रान्सच्या टी.जी.व्ही.त, इटलीच्या वेगवान गाड्यांत आणि युरोस्टारमध्ये पासधारकासही आरक्षणाचे पैसे मोजावे लागतात, जर्मनी व ऑस्ट्रियात बहुतेक गाड्यांना ते सक्तीचे नाही. वंदे भारत, राजधानी, शताब्दी यांची भाडेरचना स्वतंत्र असल्याने फेरी साध्या मेल-एक्सप्रेस गाड्यांवर आखणे इष्ट.

ज्येष्ठांच्या सवलतीविषयी स्पष्टच सांगतो. पुरुषांस ४० व स्त्रियांस ५० टक्के सूट होती ती जुनी गोष्ट झाली. तिच्या भरवशावर खर्चाचा अंदाज करू नये. खालच्या बर्थासाठीचा कोटा मात्र कायम आहे.

राहिला अर्जाचा प्रश्न. त्यासाठी मुंबईच्या मुख्यालयी खेटे घालावे लागतात हाही एक भ्रमच. सोलापूर हे स्वतः मध्य रेल्वेच्या विभागाचे ठाणे असून, प्रवास ज्या स्थानकावरून सुरू होणार त्या विभागाच्या वाणिज्य व्यवस्थापकाकडे दरखास्त करावयाची असते. म्हणजे पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट रोड येथून निघणाऱ्यासही सोलापूरचे डी.आर.एम. (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) ऑफिस हेच ठिकाण. साध्या कागदावर प्रवाशांची नावे व वये, वर्ग, निघण्याची तारीख, मार्गातील जोडस्थानके क्रमाने, आणि मुक्कामाची स्थानके वेगळी अधोरेखित करून लिहावीत. तेथे अंतराचा व भाड्याचा हिशेब होऊन ठराविक नमुन्यातील पत्र मिळते, ते बुकिंग ऑफिसात दाखवून पैसे भरले की तिकीट तयार होते, आणि ते घेऊन आरक्षण खिडकीकडे जावयाचे. अर्जात मार्ग लिहिताना ‘कुर्डुवाडीमार्गे’ की ‘होटगीमार्गे’, हे स्पष्ट लिहावे. तेवढे एक नाव राहून गेल्याने अंतर बदलते, भाडे बदलते, आणि कागद पुन्हा वरून खाली फिरतो.