चापाचे दोन टप्पे

दिल्लीतल्या कीर्तीनगरच्या फर्निचर बाजारात गिऱ्हाईक पुढच्या दुकानात बसून सोफा पसंत करतं. सोफ्याला रंग चढतो मागच्या गल्लीत. संपादकांनी फवारणीच्या यंत्रावर लिहायला सांगितलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे द्राक्षबागेतला पंप होता. या गल्लीत पंप कोणी म्हणत नाही. इथे ती ‘गन’.

तिचा इतिहास दवाखान्यात सुरू होतो. अमेरिकेतल्या टोलेडोचे डॉ. ॲलन डीव्हिल्बिस यांनी १८८०च्या दशकात घशात औषध मारायला फवारा काढला; मुलानं तीच युक्ती पुढे रंगाकडे वळवली. १८९३च्या शिकागो प्रदर्शनातल्या अवाढव्य इमारती दाबाच्या हवेनं फवारूनच पांढऱ्या केल्या होत्या. इतिहास एवढा पुरे, कारण मी रेंगाळले ती एका पॉलिशवाल्या काकांपाशी. गाव कणकवलीकडचं, वय साठीच्या आसपास, आणि पुढ्यात अलिबागच्या कुणाच्या तरी बंगल्याचं सागवानी कुंपण, पट्ट्यापट्ट्यांचं, भिंतीला टेकवलेलं.

“ताई, चाप हळू दाबून बघा.” अर्धा दाबला तर नुसती हवा सुटली. आणखी दाबला तेव्हा आतली सुई मागे सरकली आणि रंग आला. सोडताना उलटा क्रम: आधी रंग बंद, मग हवा. या दोन टप्प्यांवर सगळी कारागिरी उभी आहे. काका पट्टीच्या अलीकडे हवेवरच हात चालू करतात, पट्टी आली की पूर्ण दाबतात, पट्टी संपली की ढिला सोडतात. हात थांबला आणि रंग चालू राहिला, की ओघळ आलाच. गन लाकडापासून वीतभर लांब, कायम काटकोनात. मनगट वळवायचं नाही, अख्खा खांदा सरकवायचा. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढलेला. मनगट फिरलं की मधे दाट, कडेला फिकट. मी एक फळी मारून पाहिली. काकांनी न बोलता ती पुसून घेतली.

पण कुंपणाचं काम गनच्या स्वभावाविरुद्ध आहे. सपाट दरवाजावर ती राणी. पट्ट्यांच्या फटींतून मात्र रंग सरळ पलीकडे उडून जातो. साध्या जुन्या गनमधून अंगावर बसतो त्याहून जास्त रंग सपाट पृष्ठभागावरही वायाच जातो, मग फटींचं काय सांगावं! नव्या कमी दाबाच्या गनमध्ये टोपीपाशी हवेचा दाब १० पीएसआयच्या आत ठेवतात, म्हणून रंगाचा धुरळा कमी उडतो. काकांकडे तशी एक आहे. तिला हवा भरपूर लागते आणि गल्लीतला कॉम्प्रेसर धापा टाकतो.

शिवाय कुंपणाला मारायचं तेलाचं स्टेन वर बसून चालत नाही, लाकडात जिरावं लागतं. सागाला मुळातच तेल, तो सहज पीत नाही. म्हणून गन फिरली की मागोमाग पोऱ्या कोरडा ब्रश घेऊन रेषांच्या दिशेनं घासत जातो आणि उरलेलं फडक्यानं टिपतो. ‘वेळ किती वाचला’ असं मी विचारलं, तर काका हसले. “लावायचा वाचला. घासायचा नाही.”

टिपलेली फडकी हा वेगळाच ताप. जवसाच्या तेलाचा बोळा कोपऱ्यात पडला, की सुकताना आपोआप तापतो आणि पेटू शकतो. काका फडकी पाण्याच्या डब्यात टाकतात. शेजारच्या गाळ्यात ती ढिगानं पडलेली दिसली. थिनरची वाफ हवेहून जड, ती जमिनीलगत साचते, आणि याच गल्लीत वेल्डिंगही चालतं. या बाजारानं आगी पाहिल्या आहेत. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारताना तर हार्डनरमधल्या आयसोसायनेटनं दमा जडू शकतो, तोंडावरच्या रुमालानं ते अडत नाही. काकांच्या पोऱ्याच्या तोंडावर रुमालच होता. “मास्क आणलाय, उकाड्यात घालत नाही,” असं काका म्हणाले. मला हे उत्तर पटलं नाही, आणि त्यांनाही पटलं असावं असं वाटलं नाही.

काम अडून बसलंय ते बंगल्याच्या मालकापाशी. त्यांना कुंपण चकचकीत हवं, आतल्या डायनिंग टेबलासारखं. काकांचं म्हणणं, समुद्राकाठच्या उन्हापावसात वरचा पापुद्रा तडकणार, फटीतून पाणी आत शिरणार, आणि मग सगळं खरवडून काढल्याशिवाय दुसरा हात बसणार नाही. तेलाचं स्टेन फिकं पडतं, पण धुऊन, सुकवून पुन्हा मारता येतं. मालक म्हणतात, दर दोन वर्षांनी कोण बोलावणार? फोन लागला तेव्हा मी तिथेच होते. काका मोठ्यानं म्हणाले, “साहेब, चमक देतो, पण गॅरंटी कागदावर लिहून देणार नाय.” पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. भिंतीला टेकलेल्या अर्ध्या पट्ट्या अजून कोऱ्याच आहेत आणि अलिबागला मेच्या अखेरीस पाऊस दाराशी येतो.