स्कुबाला जाताय? तोंडातल्या रेग्युलेटरबद्दल एवढं माहिती असू द्या

सुट्ट्या लागल्या की नांदेड-लातूरहून गाड्या भरून तारकर्ली-मालवणला निघतात. रात्रभराचा प्रवास, दुसऱ्या दिवशी स्कुबा. ग्रुपवर चर्चा असते ती पॅकेजच्या भावाची आणि व्हिडिओ मिळणार का याची. पण पाण्याखाली आपला श्वास ज्या वस्तूवर चालतो, त्या रेग्युलेटरबद्दल कुणी विचारतच नाही.

रेग्युलेटर नेमकं काय करतो?

पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो, हा गैरसमज आहे. त्यात बहुतेक वेळा साधी, गाळलेली हवाच असते, पण साधारण 200 बार दाबाने भरलेली. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, यावरून अंदाज घ्या.

ही हवा थेट घेता येत नाही. सिलिंडरवर बसणारा रेग्युलेटरचा पहिला भाग हा दाब बाहेरच्या दाबापेक्षा फक्त 9-10 बार जास्त राहील इतका खाली आणतो. तोंडातला दुसरा भाग तुम्ही श्वास ओढाल तेव्हाच, आजूबाजूच्या पाण्याइतक्या दाबाची हवा देतो. दर 10 मीटर खोलीला दाब सुमारे 1 बारने वाढतो, म्हणून हे गरजेचं. झाक कुस्टो आणि एमिल गान्यां यांनी 1943 मध्ये फ्रान्समध्ये बनवलेल्या 'अ‍ॅक्वालंग'मागचं तत्त्व हेच.

बिघडला तर?

आजच्या बहुतेक रेग्युलेटरची रचना अशी असते, की बिघाड झाला तर हवा बंद होण्याऐवजी सतत वाहू लागते. याला फ्री फ्लो म्हणतात. त्यातूनही श्वास घेता येतो, पण सिलिंडर भराभर रिकामा होतो. म्हणूनच 'ऑक्टोपस' हा जादा, सहसा पिवळा, रेग्युलेटर सोबत असावा लागतो.

भाड्याचा असेल तर हे तपासा

• तोंडात धरायचं रबर फाटलेलं नाही ना? नळीला चिरा नाहीत ना?
• किनाऱ्यावरच चार-पाच श्वास घ्या आणि गेजकडे बघा. श्वासागणिक काटा खाली-वर होत असेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नसू शकतो.
• श्वास न घेताही हवा सुटते का?
• हवेला तेलाचा किंवा धुराचा वास येतो का?

यातलं एकही खटकलं, तर पाण्यात उतरू नका, सेट बदलून मागा.

विकत घेताना

'ईएन 250' हे युरोपीय मानक लिहिलेलं आहे का, ते बघा. गोदावरीसारख्या गढूळ पाण्यात वापरायचा असेल, तर पहिला भाग सीलबंद असलेला घ्या. गाळ आत जात नाही. 'डिन' आणि 'योक' या जोडण्यांपैकी तुमच्या सिलिंडरला कोणती बसते, तेही आधी विचारा.

सगळ्यात मोठा प्रश्न सर्व्हिसिंगचा. बऱ्याच कंपन्या वर्षातून एकदा तपासणी सांगतात. पार्ट आणि कारागीर सहज मिळणार नसतील, तर महागडा ब्रँडही उपयोगाचा नाही. समुद्रातून आल्यावर तो गोड्या पाण्यात धुवायचा, पण टोपण लावूनच.

आणि एक नियम कायमचा: पाण्याखाली श्वास रोखून धरायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते आणि इजा होऊ शकते.

पॅकेजचा भाव करताना आता एक प्रश्न वाढवा: "याची शेवटची सर्व्हिस कधी झाली?" काळजी घेणारा माणूस यावर चिडणार नाही, तारीख सांगेल.