गलिबल, सक्सिंक्ट आणि आपली बोली

बेळगाव-निपाणीच्या मुलांच्या कानावर मराठी, कन्नड, हिंदी रोज पडतात. अवघड इंग्रजी शब्द लक्षात ठेवायला हे भांडवल फार मोलाचे आहे.

युक्ती सोपी आहे. नव्या शब्दाच्या उच्चाराशी जुळणारा ओळखीचा शब्द शोधायचा आणि दोन्ही अर्थ एका चित्रात गुंफायचे. ‘गलिबल’ म्हणजे भोळसट; ज्याच्या ‘गळी’ कुणीही काहीही उतरवतो, असा माणूस डोळ्यांसमोर आणा. ‘सक्सिंक्ट’ म्हणजे मोजक्या शब्दांतले. लांबलेले भाषण कुणीतरी ‘साकु, साकु’ म्हणत थांबवतो आहे, असे पाहा. कन्नडमध्ये ‘साकु’ म्हणजे पुरे.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे रिचर्ड अ‍ॅटकिन्सन आणि मायकेल रॉ यांनी 1975 मध्ये 120 रशियन शब्दांवर ही पद्धत तपासली. ती वापरणाऱ्यांना 72 टक्के शब्द आठवले, इतरांना 46 टक्के.

मात्र जुळवणी ही फक्त पहिली पायरी. इंग्रजी उच्चार शब्दकोशातून पक्का करा, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने वही मिटून अर्थ आठवा, शब्द स्वतःच्या वाक्यात वापरा. वापरात आलेला शब्दच टिकतो.